आज्याची खुर्ची

आमच्या घरात एकच खुर्ची होती. बाकी सगळा कारभार खालीच. सतरंजी, पोतं, पाट आणि ओसरीवर एक बाज. खुर्चीवर आजा बसायचा. आजा बाहेरगावी गेला की खुर्ची रिकामी राहायची, पण तिच्यावर कुणी बसत नसे. मी सहा-सात वर्षांचा असेन. आजा बाजाराला गेलेला बघून एकदा चढून बसलो. पाय जमिनीला पोचत नव्हते. मायनं चुलीपुढून बघितलं. ओरडली नाही. पदराला हात पुसत आली आणि म्हणाली,

"उतर. ती बसायची खुर्ची न्हाई."

"मग कशाची हाय?"

"मामंजीची हाय."

तेवढ्यावर मी उतरलो. मायही त्या खुर्चीवर कधी बसली नाही. रोज सकाळी ती पुसायची मात्र तीच.

गेल्या उन्हाळ्यात इस्लापूरचं जुनं घर उतरवलं. भिंती फुगल्या होत्या, पावसाळा निघाला नसता. कौलं काढली, आढं खाली घेतलं आणि माळ्यावरून एकेक वस्तू अंगणात आली. कंदील, पायली, पत्र्याची पेटी, आणि ही खुर्ची. बसायची मखमल कधीकाळी लाल होती, आता वाळलेल्या भेंडीसारखी दिसत होती. उंदरांनी एका कोपऱ्यातून काथ्या ओढून काढला होता. धाकटा भाऊ म्हणाला, "चुलीत घाल." पुण्यातल्या पुतण्याला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, "काका, टाकू नका. जुन्या सागवानी फर्निचरला लई भाव आहे. नीट रिस्टोअर करून घ्या, पूर्वीसारखी करा."

पूर्वीसारखी. हा शब्द मी तेव्हा सहज ऐकला. त्या शब्दानंच पुढं माझी झोप घालवली.

वाचणाऱ्याला आमचा मुलूख थोडा सांगायला पाहिजे. इस्लापूर आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात येतं. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात नांदेडची माणसं तो बघायला येतात. नदीपलीकडं यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. पण आज्याच्या उमेदीच्या काळात आम्ही नांदेडचे नव्हतो. हैदराबाद संस्थानातला आदिलाबाद जिल्हा, त्यातला बोथ तालुका आणि त्यातलं इस्लापूर सर्कल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बोथ तालुक्यातलं हे एकच सर्कल मराठी मुलखात आलं. तोवर गावातला माणूस मराठी, गोंडी, तेलुगू, बंजारा असं काहीही बोलायचा, आणि सरकारी कागद उर्दूत असायचा. कागद वाचता येणारा माणूस गावात एखादाच. आजा त्यातला होता. त्याच्याकडं जमीन होती, थोडी सावकारी होती आणि गावात बहुतेक ही एकच खुर्ची.

आमच्या गावच्या सुतारमामांना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढं, पण नजर पक्की. त्यांनी खुर्ची उलटी केली, बोटाच्या नखानं पायाला खरवडलं, वास घेतला. "किनवटच्या जंगलातला साग हाय गुरुजी. वाळवी शिवली न्हाई बघा." मग कापसाच्या बोळ्यावर जरा स्पिरिट घेऊन मागच्या पायाला, न दिसणाऱ्या जागी, घासलं. बोळा तांबूस झाला, चिकटला. "लाखेचं पॉलिश हाय. खरडायचं न्हाई. मळ काढू, पॉलिश तसंच ठिवू."

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच काम दिलं. कोमट पाण्यात थोडा साबण, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं पुसत जायचं. लगेच कोरड्या फडक्यानं ओल टिपायची. खुर्चीवर पाणी ओतायचं नाही, कारण जुन्या खुर्चीच्या सांध्यात सरस असतो. तो पाण्यानं सुटला की खुर्ची खिळखिळी होते. मी पुसत होतो आणि फडकं काळं होत होतं. अर्ध्या दिवसात हाताच्या जागी मधासारखं लाकूड वर आलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आजा आठवला आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

सुतारमामा डाग ओळखत होते. पाठीच्या मखमलीवर वरच्या बाजूला काळपट गोल होता, तो डोक्याच्या तेलाचा. हातावर तपकिरी शिंतोडे होते, ते पानातल्या काताचे. खिळ्यांभोवती काळी वर्तुळं होती. "लोखंड, ओल आन् लाकडातला तुरटपणा एकत्र आला की लाकूड असं काळं पडतं," ते म्हणाले. असं करत ते समोरच्या बाजूला आले. बसायच्या गादीची मखमल पुढून खाली वळवून लाकडी पट्टीवर ठोकली होती. तिच्यावर, उजव्या पायाच्या बाजूला, निळसर काळे फराटे होते. एक-दोन नाही, एकावर एक, पन्नास-शंभर.

"गुरुजी, हे कशाचं?"

"शाई सांडली असंल."

"सांडलेलं ओघळत खाली येतं. हे आडवे पुसलेले हायत. आन् इतक्या खाली. वर बसणाऱ्याचा हात हितं कशाला येतोय?"

माय ओट्यावर निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं आहे, कान शाबूत आहेत. मान वर न करता म्हणाली, "ते अंगठे हायत."

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आज्याची सावकारी उतरणीला लागली होती, पण बंद झाली नव्हती. मृगाच्या आधी बियाण्याला, नाही तर लग्नकार्याला, माणसं यायची. आजा खुर्चीवर. माणूस खाली, खुर्चीच्या उजव्या पायाशी. आजा कागद वाचून दाखवायचा, किंवा दाखवायचा नाही. मग दौतीतली शाई बोटानं त्या माणसाच्या अंगठ्याला लावायची, अंगठा धरायचा आणि कागदावर दाबायचा. अंगठा उठला की माणूस काळा अंगठा घेऊन बसायचा. धोतर एकच, ते कसं खराब करणार? भिंत नुकती पोतारलेली. मग आजा कागद घडी करत असताना तो माणूस हळूच, आजा बघत नाही असं बघून, खुर्चीच्या खालच्या कापडाला अंगठा पुसायचा.

"मामंजीला कळत नव्हतं का?"

"कळत हुतं की. काई बोलायचे न्हाईत. कागद झालेला असायचा ना."

सुतारमामा गप्प होते. मग म्हणाले, "काढायचे का ठिवायचे?"

"निघतील?"

त्यांनी लिंबू मागवलं. पूर्वीची दौतीतली काळी शाई हिरडा आणि हिराकस यांची करायचे. हिराकशीत लोखंड असतं. म्हणजे खिळ्याभोवती लाकूड ज्या कारणानं काळं पडतं, त्याच कारणानं ती शाई काळी होते आणि कापडाला धरून बसते. लिंबाच्या आंबटानं ते लोखंड सैल होतं. मामांनी कडेच्या एका फराट्यावर रस लावला, चिमूटभर मीठ घातलं, दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं टिपलं. फराटा फिका झाला. दुसऱ्यांदा केलं असतं तर गेला असता. कुणाचा तरी अंगठा माझ्या डोळ्यांदेखत निम्मा पुसला गेला आणि मी म्हणालो, "थांबा मामा."

थांबलो खरा, पण का थांबलो ते सांगता येईना. रात्रभर तेच. डाग हा खुर्चीचा दोष असतो, तो काढायचा असतो, हे साधं गणित. पण हे फराटे खुर्चीनं लावून घेतले नव्हते आणि आज्यानं लावले नव्हते. ते ज्यांचे होते त्यांच्याजवळ आपण इथं बसलो होतो याचा दुसरा पुरावा नव्हता. कागद आमच्या पेटीत, जमीन आमच्या नावावर. त्यांच्या हातानं, त्यांच्या मनानं उमटलेली एवढी एकच खूण. कागदावरचा अंगठा आज्यानं धरून उमटवलेला, कापडावरचा त्यांनी स्वतः पुसलेला. ती खूण माझ्या फडक्यानं काढायचा हक्क मला कुणी दिला?

दुसऱ्या दिवशी सुतारमामांनी गादी उघडली. चुका उपटल्या, मखमल उचलली. खाली कापसाचा थर, त्याखाली काथ्या, त्याखाली गोणपाट आणि सगळ्यात तळाशी नवारीच्या पट्ट्या. ते गोणपाट बघून मला बाबासाहेबांचं लहानपण आठवलं. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. आज्याच्या मखमलीखालीही तेच गोणपाट होतं. मी शाळेत पोरांना हा धडा अनेकदा सांगितला होता, पण आपल्या ओसरीवर कोण कशावर बसायचं हा प्रश्न घरात कधी विचारला नव्हता.

आणखी एक गोष्ट टोचली. मी शिक्षक म्हणून लागलो त्या काळात साक्षरतेचं वारं होतं. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढं आम्ही गुरुजी मंडळी संध्याकाळी कंदील घेऊन वाड्या-गुड्यांवर जायला लागलो. म्हाताऱ्या माणसांच्या हातात पाटी द्यायची, हात धरून सही गिरवून घ्यायची. "आता अंगठा लावायचा नाही," असं मी मोठ्या अभिमानानं सांगत होतो. माझ्याच घरातल्या खुर्चीला काय पुसलेलं आहे, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, की बघितलं नव्हतं? खुर्ची तर रोज समोर होती.

पत्र्याच्या पेटीतले कागद मग मी नांदेडला नेले. एका निवृत्त उर्दू शिक्षकानं वाचून दाखवले. बरेचसे फेडलेले, काट मारलेले. एक मात्र वेगळा होता. फसली १३५५, म्हणजे इसवी सन १९४५-४६. हाली साठ रुपये, त्यावर व्याज, आणि फेड न झाल्यानं नाल्यालगतचं वावर आमच्याकडं. खाली 'निशान अंगूठा' आणि शेजारी तो अंगठा. कर्ज घेणारा गोंडी बोलणारा, देणारा मराठी बोलणारा आणि कागद उर्दूतला.

ते वावर कोणतं हे शोधावं लागलं नाही. आमच्या घरात त्याला आजही 'गोंडाचं वावर'च म्हणतात. 'आज गोंडाच्या वावरात निंदणी आहे', 'गोंडाच्या वावरातला कापूस आला का'. सातबाऱ्यावर नाव आमचं आणि तोंडात त्यांचं. ऐंशी वर्षं आम्ही रोज खरं बोलत होतो आणि कुणाच्या कानाला खटकत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, त्या काळात सगळीकडं हेच चाललं होतं. चाललं होतंच. याच आदिलाबादच्या जंगलात कोमरम भीम जमिनीसाठी, जंगलासाठी लढले आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला गोंडांची स्थिती बघायला सांगितलं. गोंडांच्या जमिनी सावकारांच्या आणि पटवाऱ्यांच्या हातात कशा जात होत्या, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. आमचा आजा त्यात वेगळा नव्हता, फार वाईटही नव्हता. दुष्काळात त्यानं गावाला ज्वारी वाटल्याचं माय सांगते. ती खोटं सांगणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा आहे. तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या व्यवहारांना लागतो. आमचा कागद त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीचा. म्हणजे त्या कायद्यानं आम्ही मोकळे. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग झालं की. तू कशाला उकरायलास?" त्याचं अगदी चुकीचं आहे असंही मला म्हणता येईना. कायद्याला कुठंतरी तारीख घालावीच लागते. नाही तर उकरता उकरता माणूस कुठवर जाईल? साग तोडला तेव्हाचं जंगल कुणाचं होतं, तिथवर?

पण भावानं दुसरा प्रश्न विचारला, तो जास्त अवघड होता. "आज्यानं केलं, त्याचं आपण काहून फेडायचं?" मी दोन दिवस उत्तर शोधत होतो आणि ते तलाठ्याकडच्या कागदातच सापडलं. बाप मेला म्हणून सातबाऱ्यावरचा बोजा मरत नाही. वारसाचं नाव चढतं तेव्हा बोजाही त्याच्याबरोबर खाली उतरतो. वारस म्हणतो का, कर्ज मी काढलं नव्हतं, जमीन तेवढी द्या? मी कुणाचा अंगठा धरला नाही हे खरं. पण त्या वावराच्या कापसावर माझं डी.एड. झालं, हेही तितकंच खरं. अंगठा लावणाऱ्याचा नातू त्याच वयात आमच्याच वावरात रोजानं निंदायला होता.

सुतारमामांचं मत सरळ होतं. "लाकडाचा काय दोष गुरुजी? त्याच्यावर राजा बसो का चोर." ते बरोबर आहे. खुर्ची चुलीत घालून काही फिटणार नाही. पण डाग तसाच ठेवून तरी काय फिटतं? पुतण्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, मग तर डाग ठेवाच, त्याला स्टोरी आहे." मला ते ऐकून कसंसंच झालं. उद्या ही खुर्ची कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाईल, पाहुणे चहा पितील, यजमान बोट दाखवून सांगतील आणि पाहुणे चुकचुकतील. डाग पुसून टाकणं ही एक लपवाछपवी, आणि डाग मिरवणं ही दुसरी. दोन्हीत खाली बसलेला माणूस खालीच राहतो.

शेवटी ठरवलं, ज्याचा अंगठा त्याच्या घरी जाऊन विचारायचं. गुड्यावर गेलो. नातू माझ्याच वयाचा. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्यानं कागद हातात घेतला, आज्याच्या अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला आणि परत दिला.

"दादा, खुर्चीचे ते डाग पुसू का ठेवू?"

तो जरा हसला. "खुर्ची तुमची हाय गुरुजी. पुसा न्हाई तर ठिवा. वावराचं काय ते बोला."

इतके दिवस मी डागाचा विचार करत होतो, कारण तो मला करता येण्यासारखा होता. लिंबू लावायचं की नाही, एवढाच. त्यानं एका वाक्यात मला खुर्चीवरून उठवलं.

मी म्हणालो, "माझ्या वाट्याचं दोन एकर आहे. ते तुमच्या नावावर करून देतो. बक्षीसपत्रानं होतंय, मी विचारलंय."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बक्षीस काहून? आमचंच हाय ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

सुतारमामांनी खुर्ची चार दिवसांत पुरी केली. नवी नवार, नवं गोणपाट, तोच काथ्या उन्हात तापवून, पिंजून. बसायला साधं जाड सुती कापड. पुढची खालची मखमलीची पट्टी तेवढी जुनी, निम्म्या पुसलेल्या फराट्यासकट. तिचा निकाल माझ्या हातात नाही, म्हणून ती आहे तशी आहे. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात फिरवला. खुर्ची छान झाली आहे. पूर्वीसारखी झाली नाही, आणि ते बरंच झालं. पूर्वीसारखी म्हणजे तिच्या उजव्या पायाशी परत कुणीतरी बसायला हवं.

दिवाळीनंतर तो आमच्याकडं आला. मायनं खुर्ची पुढं केली, "बसा दादा." त्यानं खुर्चीकडं बघितलं, खाली वाकून पट्टीही बघितली. मग शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसला. "ही बरी. उचलली की उचलती." माय हसली, तोही हसला. त्या दिवशी आज्याच्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही.

कागदाचं काम मात्र अडलं आहे. भाऊ नाराज आहे, पण माझ्या वाट्याला त्याची हरकत राहिलेली नाही. अडलं आहे ते एका ओळीवर. दस्त लिहिणारा म्हणतो, बक्षीसपत्रात कारण लिहावं लागतं आणि सगळे एकच लिहितात, 'प्रेम व आपुलकीपोटी'. मी म्हणालो, ते लिहू नका. तो म्हणाला, मग काय लिहू ते सांगा. एकदा आमच्या घरातल्या माणसानं त्यांच्या अंगठ्यावर नको ते लिहिलं होतं. आता माझ्या सहीवर मी खोटं लिहिणार, तेही स्वतःला दानशूर ठरवून, हे मला जमेना. दोघं मिळून शब्द शोधतोय. तो गोंडीत सांगतो, मी मराठीत लिहून बघतो, दस्तवाला मान हलवतो.

खुर्ची चार दिवसांत झाली. त्या एका ओळीला आता आठवा महिना चालू आहे.